तारेचा रकाना

मी आजवर एकाच विमानात बसले आहे, आणि तेव्हा त्याला पंख नव्हते. यवतमाळबाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम आहे. पूर्वी तिथे कापसाच्या गाठी ठेवत. त्या गोदामात दोन माणसांचं, अॅल्युमिनियमचं एक विमान लाकडी घोड्यांवर उभं होतं आणि त्याचे पंख भिंतीशी सतरंज्यांत गुंडाळून ठेवलेले होते. ज्यांनी ते बांधायला घेतलं होतं त्या काकांनी पहिल्याच दिवशी मला आत बसवलं आणि म्हणाले, "आता जिथं जिथं वीज लागते तिथं बोट ठेव."

मी बोट ठेवलं नाही. काहीतरी मोडेल अशी भीती वाटत होती.

काका फौजेत विमानांच्या दुरुस्तीला होते. निवृत्त होऊन गावी परतले आणि खोक्यांतून आलेले भाग जोडत सहा वर्षं हे विमान बांधत होते. परवानगीचे कागद रीतसर चालू होते, टप्प्याटप्प्याला तपासणी व्हायची. पण ते पत्र्याचे कारागीर. "रिबिट मी झोपेत मारतो," ते म्हणायचे, "पण करंट दिसत नाही ना बाप्पा. जे दिसत नाही त्याची मले भीती वाटते." म्हणून त्यांनी आमच्या कॉलेजात सरांकडे विद्यार्थी मागितला. सरांनी वर्गात विचारलं. रविवारचं काम आहे म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. मी हात अर्धाच वर केला होता, सरांना तो पूर्ण दिसला.

मी विद्युत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात एखादा प्रश्न विचारायचा तर मी तो आधी मनात तीनदा म्हणून बघते, आणि तोवर तास संपतो. काकांनी दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. विमानातल्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी संरक्षण निवडायचं: फ्यूज की ब्रेकर, आणि किती अँपिअरचा. यादी मी करायची, जोडणी दोघांनी मिळून. सतरा ओळींची यादी होती. ती करायला मला महिना लागला.

पहिलं भांडण फ्यूज की ब्रेकर यावरच झालं, आणि ते माझं नव्हतं. काकांचे एक मित्र आहेत, बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्यांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही. रविवारी दुकान पोरावर सोडून ते गोदामात येऊन एका उलट्या क्रेटवर बसत.

"बटनवाले ब्रेकर पाह्यजे," काका म्हणाले. "समोर अशी रांग. पडलं का दाबलं. मी पाह्यलेल्या सगळ्या विमानांत तसंच होतं."

"अन् परत पडलं तर?" चाचांनी विचारलं.

"परत दाबलं."

"अन् परत?"

"अरे, तू मोटारगाडीवाला. तुले काय समजते?"

"मले इतकंच समजते का बटन म्हंजे लालच. खाली वायर जळून राह्यली, अन् वर साहेब घंटी वाजवून राह्यले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तू बोल. तू तो कॉलेज की है."

मी म्हणाले, पुढच्या रविवारी सांगते.

आठवडाभर ग्रंथालयात बसून जे मिळालं ते वाचलं. मग मला वाटलं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. ब्रेकर पडला की पुन्हा लावता येतो, ही सोय खरी. पण हवेत असताना काहीतरी बिघडलंय हे कळल्यावर तेच पुन्हा चालू करून बघणं ही सोय की धोका, हे मला ठरवता येईना. शेवटी मी प्रश्न उलटा केला. कोणती वस्तू बंद पडली तर विमान खाली आणणं अवघड होईल? तशी एकच सापडली, इंधनाचा पंप. मग एका पंपाचा फ्यूज बदलत बसण्यापेक्षा दोन पंप आणि दोघांना वेगळे फ्यूज, म्हणजे एक गेला तर दुसरा. बाकी दिवे, रेडिओ, शेपटीवरची पट्टी हलवणारी छोटी मोटर, हे सगळं गेलं तरी उतरता येतं. त्यांना गाडीत असतात तसले रंगीत, चपटे फ्यूज. फक्त वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरसाठी एक ब्रेकर, कारण व्होल्टेज भलतंच वाढलं तर तो मुद्दाम पाडावा लागतो आणि खात्री झाल्यावर पुन्हा लावताही यावा लागतो.

हे मी वहीतून वाचून दाखवलं. काका म्हणाले, "म्हंजे माही बटनाची रांग गेली." चाचा म्हणाले, "एक तर भेटलं ना." निर्णय तसाच राहिला, आणि तो आजही मला बरोबर वाटतो. चूक मी पुढे केली, अँपिअर ठरवताना.

ती चूक समजायला आमच्या घराबद्दल सांगावं लागेल. माझ्या बाबांचं ढाणकीच्या बाजारात मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची, हे त्यांचं काम. शिक्षण नववीपर्यंत. आसपासच्या शेतांतले स्टार्टर आणि फ्यूजचे बोर्डही तेच बसवतात. आमच्याकडे फ्यूज उडाला की लोक चिडतात. वीज आधीच मोजकी येते, त्यात फ्यूज गेला तर पाणी अर्ध्या वावरात थांबतं. म्हणून लोक बाबांना सांगतात, "मिस्त्री, असा फ्यूज टाका का साल्याची उडाची हिंमत झाली नाही पाह्यजे." बाबा तांब्याच्या तारेचे तीन-चार पदर पिळून चिनीमातीच्या फ्यूजमध्ये आवळतात. तो उडत नाही. 'मिस्त्रीचा फ्यूज' ही आमच्या भागात शाबासकी आहे. मी लहानपणापासून ती ऐकत आले, आणि मला तिचा अभिमान वाटायचा.

तर मी वहीत तीन रकाने आखले. वस्तू, तिला लागणारे अँपिअर, आणि फ्यूज. शेपटीतली छोटी मोटर दोन अँपिअर घेते. सुरू होताना जास्त घेईल, म्हणून पाच. पाच काठावरचे वाटले, म्हणून दहा. मग म्हटलं हवेत असताना उगाच उडायला नको, म्हणून पंधरा. पंधराचा फ्यूज निळा असतो. माझ्या यादीत निळे फ्यूज खूप झाले. काकांनी यादी पाहिली, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा. मोकळंढाकळं काम आहे." पुढचे रविवार आम्ही त्या यादीप्रमाणे तारा ओढल्या. इंजिन पहिल्यांदा सुरू करायचा रविवारही काकांनी ठरवून टाकला.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मी घरी गेले होते. सकाळी बाबांना फोन आला, शेजारच्या वावरातली मोटर बंद पडली. हरभऱ्याला पाणी चालू होतं. मी त्यांच्या गाडीवर मागे बसून गेले. विहिरीजवळ कडुलिंबाच्या खांबावर बोर्ड होता. खांबापासून स्टार्टरपर्यंत आलेली केबल काळी पडून वितळली होती आणि तिचे तीनही पदर एकमेकांना चिकटले होते. खाली वाळकं गवत जळून गेलं होतं, दोन हातभर. मोटरीचं बेरिंग जाम झालं होतं, ती फिरायची थांबली आणि वीज ओढत राहिली.

बाबांनी फ्यूज उघडला. मालक वाकून बघत म्हणाला, "घ्या! वायर जळाली, मोटर जळाली, पण मिस्त्रीच्या फ्यूजले काही झालं काय? हाय तसाच हाय."

तो थट्टा करत नव्हता. कौतुक करत होता. बाबाही हसले आणि फ्यूज पुसून परत लावला.

मी त्या जळालेल्या गवताकडे बघत राहिले. माझ्या वहीत तारेचा रकानाच नव्हता. कोणत्या वस्तूला किती लागतं ते मी लिहिलं होतं, पण तिच्याकडे जाणारी तार किती सोसते ते एकाही ओळीत नव्हतं. फ्यूज मोटरीसाठी नसतो, तो तारेसाठी असतो. तार तापायच्या आधी त्याने जायचं असतं. हे वाक्य मी पहिल्या वर्षाच्या परीक्षेत लिहिलं होतं, आणि त्याला मला पूर्ण गुणही मिळाले होते.

बाबांना मी काही बोलले नाही. यवतमाळच्या बसमध्ये वही काढली आणि चौथा रकाना आखला. शेपटीतल्या मोटरीची तार सगळ्यांत बारीक, ती जेमतेम पाच अँपिअर सोसते. तिला मी पंधराचा फ्यूज दिला होता. ती तार सीटखालून जाते, पेट्रोलच्या नळीला लागून. सतरापैकी नऊ ओळी चुकलेल्या निघाल्या. काका त्या विमानात बसून इंजिन सुरू करणार होते.

खरं सांगायचं तर मी एक वेगळंच ठरवलं होतं. शनिवारी जायचं, गोदामाची किल्ली शेजारच्या चहावाल्याकडे असते ती घ्यायची, निळे फ्यूज काढायचे आणि बरोबरचे लावायचे. अर्ध्या तासाचं काम. कोणाला कळणार नाही, सरांपर्यंत जाणार नाही. गावाकडची मुलगी पाठवली आणि तिने असं केलं, हे कोणी म्हणणार नाही.

शनिवारी गेले तर काका आधीच तिथे होते. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवत होते. माझी यादी त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात उतरवली होती, प्रत्येक ओळीपुढे फ्यूजच्या रंगाचा ठिपका. "हवेत एखादा गेला तर हे पाहून दुसरा लावीन," ते म्हणाले. "तुहं अक्षर बारीक आहे, मले दिसत नाही."

मी वही काढली. मग म्हणाले, "काका, यादी चुकली."

"कोणती ओळ?"

"नऊ ओळी."

त्यांनी गोंदाची नळी खाली ठेवली. मी भराभर सांगायला लागले, विहीर, केबल, चौथा रकाना, सगळं एकदम. त्यांनी हात वर केला. "थांब. सांगितलेलं मले समजत नाही. करून दाखव."

चाचांना फोन झाला. ते गाडीचे हेडलाइटचे चार बल्ब आणि चिमटे घेऊन आले. मी टेबलावर बॅटरी ठेवली, निळा फ्यूज लावला आणि शेपटीकडे जाते तसल्याच बारीक तारेचा हातभर तुकडा जोडला. एक बल्ब लावला. दुसरा लावला. तार कोमट झाली. तिसऱ्यानंतर चाचांनी बोट लावून झटकन मागे घेतलं. चौथा लावल्यावर आधी वास आला, मग तारेवरचं प्लास्टिक मऊ होऊन लोंबायला लागलं आणि पांढरा धूर निघाला. निळा फ्यूज जागच्या जागी होता.

"या अल्ला," चाचा म्हणाले, "वायरची भजी झाली अन् निळे साहेब आरामात बसून आहे."

मी चिमटा काढला. नवा तुकडा घेतला, पाचचा फ्यूज लावला, चारही बल्ब एकदम जोडले. बल्ब डोळा मिटायच्या आत विझले. तार थंड.

काका उठून विमानापाशी गेले. सीटखाली हात घालून ती तार जिथे नळीला लागून जाते तिथे बोटं फिरवली. परत आले आणि झाकणावरचा कागद सोलून काढला. गोंद अजून ओला होता.

"नऊ म्हणाली ना? मोजून नऊ?"

"हो. दोनदा मोजल्या."

"मंग चल. पहिली कोणती?"

मला वाटलं होतं ते म्हणतील, जा. त्यांनी पक्कड माझ्याकडे सरकवली. सहा जागी नुसता फ्यूज लहान करून भागलं. तीन ठिकाणी वस्तूलाच करंट जास्त लागतो, तिथे जाड तार नव्याने ओढावी लागली. चाचा बडबडत होते, काका शिट्टी वाजवत होते. काम करता करता काकांनी विचारलं, "त्या विहिरीवर तुह्या बाबाले सांगितलं?"

"नाही."

"काहून?"

मी पुढच्या तारेचं टोक सोलायला घेतलं. ते म्हणाले, "उद्या घेऊन ये त्यायले. म्हणावं, इंजिन पाह्यले बोलावलं."

बाबा पहिल्या बसने निघून दुपारी पोचले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. विमानाभोवती एक फेरी मारली, रिबिटांच्या रांगेवरून हात फिरवला आणि काकांना म्हणाले, "साहेब, हात चांगला आहे तुमचा." काका लाजले, मी पहिल्यांदाच पाहिलं.

इंजिनाआधी एकेक वस्तू चालू करून बघायची होती. काका आत बसले, मी फ्यूजच्या डब्यापाशी. दिवे लागले. रेडिओ खरखरला. दोन्ही पंप घरघरले. शेपटीच्या मोटरीचं बटण दाबलं आणि काही झालं नाही. फ्यूज गेला होता. नवा लावला, तोही गेला.

"फ्यूजात थोडी जाड तार टाका ना," बाबा मागून म्हणाले. "चालते."

काका आणि चाचा दोघंही माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्यापैकी कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "तो उडायलाच पाहिजे. तार बारीक आहे, अन् फ्यूज तारेसाठी असतो. जाड टाकला तर फ्यूज राहील अन् तार जळेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक मोटर घेऊन येतं तेव्हा ते तिच्याकडे असंच बघतात, उघडायच्या आधी.

"म्हंजे त्या दिवशी विहिरीवर..."

"हो."

बाबांनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या वर केल्या. "तार कुठून जाते ते दाखव."

मी दाखवत गेले, ते तार दोन बोटांत धरून सरकवत गेले, डोळे अर्धे मिटून. तीस वर्षं त्यांनी तार अशीच हातात घेतली आहे. शेपटीजवळ तार धरून ठेवणाऱ्या एका पकडीपाशी बोटं थांबली. "इथं." पकडीची कड प्लास्टिक कापून आत गेली होती आणि तांबं पत्र्याला लागत होतं. निळा फ्यूज असता तरी तो कदाचित उडाला असता, कदाचित नसताही. अशा खरचटलेल्या तारेचं सांगता येत नाही. बाबांनी तो तुकडा कापून जोड दिला, वर रबराची नळी चढवली, पकडीत जाड रबर बसवलं. मी फ्यूज लावला. काकांनी बटण दाबलं आणि शेपटीवरची छोटी पट्टी हळूच खाली गेली, हळूच वर आली.

मग गोदामाची दारं उघडून विमान घोड्यांवरून उतरवून बाहेर ढकललं, चाकांना लाकडी ठोकळे लावले. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. वारा एवढा आला की चाचांची टोपी थेट कुंपणापलीकडे गेली. मी डब्यातल्या सगळ्या फ्यूजांकडे बघत बसले होते, इंजिनाकडे बघायचं राहूनच गेलं. दहा मिनिटांनी काकांनी ते बंद केलं. सगळे फ्यूज जागच्या जागी होते. काका खाली उतरले, मला म्हणाले, "कागद आता तूच लिही. मोठ्या अक्षरात." पुढच्या रविवारी पंखांतल्या तारा आहेत, त्याही माझ्याकडे आहेत.

बाबांना बसस्टँडवर सोडायला मी गेले. गावाकडे जाणारी उमरखेडची बस लागली तेव्हा ते म्हणाले, "माह्या हातचे किती बोर्ड असतील आपल्या भागात?"

"माहीत नाही बाबा. खूप."

"संक्रांतीले दोन दिवस जास्त ये. कोणती तार किती सोसते ते मले लिहून दे. दोघं मिळून बदलू."

"लोक शिव्या देतील. फ्यूज उडायला लागतील त्यांचे."

"देतील ना. म्हून तर तू पाह्यजे." ते पायरीवर चढले. "म्या सांगितलं तर म्हणतील, मिस्त्रीचा हात गेला. तू सांगितलं तर म्हणतील, इंजिनेर आहे, बरोबरच सांगत असंल."

"अजून कुठे इंजिनिअर? दुसरं वर्ष आहे."

"मंग ते त्यायले कायले सांगतं तू?"